मित्राची अनुदिनी मित्राच्याच हाती

आपले अनुभव, गावचा इतिहास वा शाळेतील प्रयोग इंटरनेटवर स्वतःच्या नावाने वेळोवेळी प्रसिद्ध करण्याचे साधन म्हणजे ब्लॉग, अर्थात अनुदिनी. १९९९ मध्ये सुरू झालेली ब्लॉगर व २००३ मध्ये आलेली वर्डप्रेस या साधनांमुळे तांत्रिक ज्ञान नसलेल्या व्यक्तीसही ती विनामूल्य उघडता येऊ लागली. तरीही आरंभी अनेकांना जाणकार मित्राचे साहाय्य लागते. हे साहाय्य कसे असावे?

प्रथम, खाते लेखकाच्याच ई-मेल पत्त्यावर उघडावे. सोयीखातर मित्राने ते आपल्या नावे उघडल्यास, पुढे त्याची बदली होताच लेखक स्वतःच्याच लेखनास पारखा होण्याची भीती असते.

दुसरे, मजकूर युनिकोड देवनागरीत असावा. जुन्या फाँटमधील मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो.

तिसरे, लेखनाची प्रत स्वतःजवळ ठेवावी. याहूची जिओसिटीज ही सेवा २००९ मध्ये अमेरिकेत बंद झाली, तेव्हा प्रती न ठेवलेल्या अनेकांची पाने नाहीशी झाली. ब्लॉगर व वर्डप्रेस या दोहोंत मजकूर उतरवून घेण्याची सोय आहे. छायाचित्रे मात्र वेगळी जतन करावीत.

पहिला लेख लेखकाने स्वतः प्रसिद्ध करावा. मित्राने केवळ शेजारी बसावे. दुसऱ्या लेखाच्या वेळी मित्राची गरज भासली नाही, म्हणजे साहाय्य सफल झाले असे समजावे.