खड्डे मोजा, वय ओळखा

बैलाचे वय दातांवरून कळते. पण जमिनीचे वय कसे कळणार? त्याची एक खूण म्हणजे खड्डे!

आकाशातून कधी कधी मोठाले दगड पडतात. त्यांना अशनी म्हणतात. आपल्याच महाराष्ट्रात, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे सरोवर अशाच अशनीने झालेल्या खड्ड्यात आहे. खड्ड्याची रुंदी सुमारे १८०० मीटर आणि खोली सुमारे १५० मीटर. बापरे!

लोणारचा खडक काळा. तसाच काळा खडक आपल्या बदलापूरच्या डोंगरांत आहे. अंबरनाथचे शके ९८२ चे शिवमंदिरही काळ्या दगडाचेच. हा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हारस. मग एवढ्या काळातले खड्डे आपल्याकडे का दिसत नाहीत? कारण पाऊस जमीन झिजवतो, उल्हास नदी गाळ वाहून नेते आणि जुन्या खुणा पुसून जातात. लोणार त्या मानाने नवे, म्हणून टिकले. त्याचे वय एका मोजणीत सुमारे ५२ हजार वर्षे आले, तर दुसऱ्या मोजणीत सुमारे ५ लाख ७० हजार. पण साडेसहा कोटींपुढे दोन्ही आकडे लहानच की!

आता गुरू ग्रहाकडे चला. त्याचे चार मोठे चंद्र गॅलिलिओने १६१० साली दुर्बिणीतून पाहिले. त्यांतल्या कॅलिस्टोवर बर्फ आहे आणि खड्डेच खड्डे आहेत. तिथे ना पाऊस, ना नदी. पोटातूनही काही वर येत नाही. म्हणून सुमारे ४०० कोटी वर्षांपूर्वीच्या खुणाही तिथे शिल्लक आहेत.

युरोपाही बर्फाचाच, पण त्यावर मोठे खड्डे मोजकेच. असे का? गुरू त्याला सारखा ओढतो. त्यामुळे आत ऊब निर्माण होते, बर्फाला भेगा पडतात, खालचा बर्फ वर येतो आणि खड्डे बुजतात. त्याचा पृष्ठभाग अवघा ४ ते ९ कोटी वर्षांचा, म्हणजे जवळपास आपल्या डोंगरांच्याच वयाचा! बर्फाखाली खारा समुद्र असावा, असे शास्त्रज्ञांना वाटते. तपासासाठी १४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपा क्लिपर हे यान निघाले. ते २०३० साली गुरूपाशी पोहोचायचे आहे.

करून पाहा : ताटात राख पसरा. वरून मूठभर चिंचोके टाका आणि उचलून घ्या. अर्ध्या राखेवरून हलकेच हात फिरवा. पुन्हा चार-पाच चिंचोके टाका. आता आईला विचारा, कोणता भाग जुना? जिकडे खड्डे जास्त, तो जुना. शास्त्रज्ञही असेच ओळखतात, बरं का!