बोली लागली, पुढे काय?

"मामू, गाळा लागला!" माझा भाचा पेढे घेऊन दारात उभा होता. एका बँकेने थकलेल्या कर्जापोटी ताब्यात घेतलेला गाळा ऑनलाइन लिलावात काढला होता आणि याची ४० लाखांची बोली सर्वांत वरची ठरली होती. दोन महिन्यांनी तो पुन्हा आला. या खेपेस हातात बँकेचे पत्र होते. उरलेले ३० लाख मुदतीत भरले नाहीत, म्हणून आधी भरलेले १० लाख जप्त. "गाळा नको मामू, पण आपलेच पैसे आपल्याला परत नाहीत?" कवितेच्या माणसाला कायद्यातले काय कळणार? पण त्याच्यासोबत वकिलांकडे खेपा घालताना जे उमगले, ते मित्रहो, आज तुम्हांला सांगतो.

लिलाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. बोली मात्र आपली. मराठीत तोंडच्या भाषेलाही बोली म्हणतात आणि लिलावात सांगितलेल्या भावालाही. तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही, असे आपण म्हणतो. कायदा इतका कडक नाही, तो थोडी सवड देतो. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम ६४ सांगते की, हातोडा पडेपर्यंत किंवा रूढ पद्धतीने लिलाव पुरा झाल्याचे जाहीर होईपर्यंत बोली मागे घेता येते. 'एक वार, दोन वार, तीन वार' झाले की करार पक्का. संगणकावर हातोडा नसतो, घड्याळ असते. शिवाय आपण न वाचता ज्या 'अटी मान्य आहेत' या चौकोनात खूण करतो, त्या अटींत बोली मागे घेता येणार नाही असेही बहुधा लिहिलेले असते. केवळ संगणकावर झाला म्हणून करार कच्चा ठरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००९ पासून लागू झालेल्या कलम १०-अ ने तेही स्पष्ट केले आहे.

आता समजा, एखाद्या गृहस्थाने जुना व्हॉल्व्हचा रेडिओ लिलावात मांडला. तुमची १२ हजारांची बोली लागली आणि तुम्ही पैसेच दिले नाहीत. संकेतस्थळ तुमचे खाते बंद करील, हे झाले किरकोळ. पण विकणारा तुम्हांला रीतसर नोटीस देऊन तोच रेडिओ दुसऱ्याला विकू शकतो. तो ९ हजारांना गेला, तर वरचे ३ हजार आणि झालेला खर्च तुमच्याकडून मागू शकतो. मालाची मालकी तुमच्याकडे आलीच असेल, तर पुऱ्या किमतीचा दावाही लावू शकतो. तीन हजारांसाठी कोर्टाची पायरी कोण चढतो, ही गोष्ट वेगळी. मात्र येथे एक न्याय आहे. नुकसानभरपाई मागणाऱ्याला नुकसान दाखवावे लागते. १८७२ च्या करार कायद्यातील कलमे ७३ आणि ७४ यांचा रोख तोच आहे.

पोलीस येतात का, हा भाच्याच्या आईचा प्रश्न. पैसे जमले नाहीत म्हणजे फसवणूक झाली, असे नव्हे. बोली लावतानाच बुडवण्याचा हेतू होता हे सिद्ध झाले, तरच तो गुन्हा. एरवी हा दिवाणी मामला.

बँकेच्या लिलावाचे गणित मात्र निराळे आहे, आणि आमचा मुलगा अडकला तो येथेच. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी २००२ चा सरफेसी कायदा आहे. त्याखालच्या नियमांतला ९ वा नियम असा: बोली लागली की त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी, किमतीच्या २५ टक्के रक्कम भरायची. आधी दिलेली अनामत त्यातच धरली जाते. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. ते चुकले तर भरलेली रक्कम जप्त, मालमत्तेचा पुन्हा लिलाव, आणि त्या दुसऱ्या लिलावाच्या पैशांवर पहिल्या माणसाचा कसलाही हक्क नाही.

मी वकिलांना म्हटले, "बँकेने तो गाळा पुन्हा विकलाच ना? मग नुकसान कुठे झाले?" मद्रास उच्च न्यायालयाने एका खटल्यात काहीसा असाच विचार केला होता. तेथे १२ कोटी २७ लाखांची बोली होती आणि तिचे २५ टक्के म्हणजे तीन कोटींवर रक्कम भरलेली होती. परंतु २ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ही जप्ती खास कायद्याने ठरवलेला परिणाम आहे, तिला करार कायद्याची ७३ आणि ७४ ही कलमे लागू नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे रेडिओवाल्याने नुकसान दाखवायचे आणि बँकेने दाखवायचे नाही! मला हे अजूनही बोचते. पण न्यायालयाचे म्हणणेही समजण्यासारखे आहे. अनामत सहज परत मिळू लागली, तर कोणीही खोटी बोली लावून लिलाव बिघडवील आणि कर्जदारच आपली माणसे उभी करून वसुली लांबवील.

अपवाद अगदीच नाहीत असे नाही. करोनाच्या साथीमुळे पैसे भरू न शकलेल्या एका खरेदीदाराला २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच रक्कम परत देवविली. पण कर्ज मंजूर व्हायला उशीर झाला, ही सबब त्या तोलाची नव्हे. आमच्या मुलाची सबब तीच होती. आधी बोली लावली आणि मग कर्जाचा अर्ज केला. खरे तर अर्ज आधी हवा होता. गाळ्याचे कागद, थकलेला मालमत्ता कर, कोणाचा ताबा, हेही आधीच पाहायला हवे होते, कारण हे लिलाव 'जसे आहे, जेथे आहे' या अटीवर होतात.

एक वाट नियमातच होती. १५ दिवसांची मुदत तीन महिन्यांपर्यंत वाढवून घेता येते, पण ती दोन्ही पक्षांनी लेखी ठरवावी लागते. वकिलांनी विचारले, "मुदत मागितली होती?"

"हो, साहेबांना फोन केला होता. 'बघू, करा तुम्ही तयारी' म्हणाले."

"पत्र आहे? ई-मेल?"

भाच्याने मोबाइल काढला आणि बराच वेळ चाळत राहिला. त्या तारखेला त्या क्रमांकावर केलेला चार मिनिटांचा एक फोन तेवढा सापडला.