भूक मंदावणारें औषध

साताऱ्याचे कंदी पेढे आणि सांगलीच्या बाजारांतील गूळ यांची गोडी आपणांस सांगावयास नको. परंतु या उसाच्या मुलुखांतही मधुमेह आतां घरोघरचा पाहुणा होऊन बसला आहे. मार्च २०२५ मध्यें तिर्झेपटाइड व त्याच वर्षीं जूनमध्यें वजन उतरविण्यासाठीं सेमाग्लुटाइड, अशीं आठवड्यांतून एकदां टोचावयाचीं औषधें भारतांत विक्रीस आलीं. तेव्हांपासून ‘आम्हींही तें घ्यावें काय?’ असा प्रश्न पुष्कळ घरांत निघतो.

हें औषध करतें तरी काय? आपण जेवलों म्हणजे आंतड्यांतून जी.एल.पी.-१ नांवाचा एक रस रक्तांत उतरतो. तो स्वादुपिंडास इन्सुलिन सोडावयास लावतो, जठराची गति मंद करतो आणि मेंदूस ‘पुरे’ असें कळवितो. हा नैसर्गिक रस कांहीं मिनिटांतच नाहींसा होतो. औषध मात्र आठवडाभर टिकतें. मळमळ, वांती, अतिसार, बद्धकोष्ठता हे त्रास यांतूनच उद्भवतात. म्हणूनच सेमाग्लुटाइडचा आरंभ ०.२५ मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेनें करून ती चार चार आठवड्यांनीं वाढवितात. शेजाऱ्याची मात्रा पाहून आपली ठरवूं नये.

परंतु खरा धोका निराळाच आहे. भूक हा केवळ उपद्रव नव्हे. ती शरीराची निरोपी आहे. हें औषध त्या निरोप्याचा आवाज मंद करतें. समजा, लोणंदहून फलटणकडे पालखीबरोबर एक वृद्ध वारकरी चालला आहे. इंजेक्शन चालूं असून सकाळीं त्यानें ग्लिमेपिराइडची जुनी गोळीही घेतली आहे. भूक नाहीं, म्हणून खाल्लें नाहीं. दुपारीं त्यास घाम फुटतो, हातपाय कांपतात, बोलणें असंबद्ध होतें. ही रक्तांतील साखर उतरल्याची खूण होय. शुद्धीवर असतां तीन चहाचे चमचे साखर पाण्यांतून द्यावी व पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासावें. बेशुद्ध असल्यास तोंडांत कांहीं न घालतां रुग्णालय गांठावें. नवें औषध एकटें असतां हा प्रकार विरळा. इन्सुलिन अथवा अशी गोळी जोडीला असली म्हणजे तो संभवतो. म्हणून आरंभींच जुन्या औषधांची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

वांती-जुलाबांनीं पाणी घटलें तर मूत्रपिंडांस इजा होते. वजन झपाट्यानें उतरतांना पित्ताशयांत खडे होऊं शकतात. पोटांत असह्य कळ येऊन ती पाठीकडे जाऊं लागली, तर स्वादुपिंडाच्या दाहाची शंका घेऊन औषध थांबवावें व त्वरित तपासणी करावी. मधुमेहानें डोळ्यांचे पडदे बिघडलेले असतील तर आधीं नेत्रतपासणी हवी. दृष्टि एकाएकीं जाण्याचा विकार सेमाग्लुटाइडमुळें फार क्वचित्, म्हणजे दहा हजारांत फार तर एकास होतो, असा निर्णय युरोपच्या औषधनियंत्रकांनीं २०२५ मध्यें दिला. घराण्यांत थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झालेला असल्यास हें औषध वर्ज्य होय. अपत्याचा विचार असल्यास स्त्रियांनीं सेमाग्लुटाइड दोन महिने आधीं बंद करावें. शस्त्रक्रियेपूर्वीं भूल देणाऱ्यास तर अवश्य सांगावें. कारण उपाशी माणसाच्या जठरांतही अन्न शिल्लक असूं शकतें.

इतकें ऐकून औषधास शत्रु मानूं नका. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या, १७,००० हून अधिक स्थूल हृदयरोग्यांच्या चांचणींत सेमाग्लुटाइडनें हृदयविकाराचे झटके, पक्षाघात व हृदयरोगानें होणारे मृत्यु मिळून २० टक्क्यांनीं घटले. योग्य रोग्यास हें वरदानच आहे. मात्र औषध सोडतांच वजन बहुधा परत वाढतें, आणि चरबीबरोबर मांसही झिजतें. म्हणून उसळ, पिठलें, ताक, चालत असल्यास अंडीं, आणि रोजचा व्यायाम यांना पर्याय नाहीं.

सारांश, भुकेचा निरोप येईनासा झाला म्हणजे तें काम घड्याळाकडे द्या. ठरल्या वेळीं थोडें खा, तहान नसली तरी पाणी प्या. आणि घरांतील मंडळींनीं वजनाच्या कांट्याइतकेंच रोग्याच्या मुद्रेकडेही लक्ष असूं द्यावें.