‘डॉक्टर, पित्त झालंय!’
पुण्याच्या नारायण पेठेतल्या दवाखान्यात रुग्ण लक्षणांऐवजी बऱ्याचदा थेट निदानच सांगतो : पित्त चढलं, उष्णता वाढली, वात धरला, बाहेरचं खाणं बाधलं. (जागरण मात्र विचारल्यावरच कबूल होतं.) पोटातली जळजळ पित्त आणि अंगावरच्या गांधीही पित्तच, डॉक्टरांनी काय ते ओळखावं! रुग्णाच्या अशा निदानाकडे संशोधकही लक्ष देतात : पुण्यातच मेडिसिन, मानसोपचार, त्वचारोग आणि आयुर्वेद अशा चार बाह्यरुग्ण विभागांत थकवा-अशक्तपणाची कारणं रुग्णांनाच विचारली गेली. तो अभ्यास २०११मध्ये प्रसिद्ध झाला. दुखण्याचं कारण असं स्वतःच्या भाषेत सांगणं फक्त आपल्याकडेच नाही : कोरियात गिळलेल्या रागामुळे छाती दडपते, अंगाची आग होते, असं रुग्ण सांगतात. त्या दुखण्याला ‘ह्वाब्योंग’ म्हणतात. पण प्रत्येक वेळी स्वतःच्या निदानावर विसंबू नका : छातीतल्या जळजळीबरोबर दरदरून घाम येत असेल, डावा हात किंवा जबडा दुखत असेल, तर पित्ताची गोळी घेऊन पडून राहू नका. १०८ला फोन करा.