भाऊ बोलायला लागले, आता दौरा आपल्याकडे कधी?

भावाभावांची भांडणं आपल्याकडे काही नवीन नाहीत. बांध सरकला, विहीर दुसऱ्याच्या वाटणीला गेली, लग्नात मानपान राहिला... एवढ्यावरून दहा-दहा वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ शोधायला शिरोळ तालुक्यात लांब जावं लागत नाही. म्हणूनच असेल कदाचित, पण ‘ओएसिस’ची गोष्ट मला कधी परकी वाटली नाही.

नोएल आणि लिअम गॅलाघर. इंग्लंडमधल्या मँचेस्टरचे दोन सख्खे भाऊ. थोरला गाणी लिहिणारा, धाकटा गाणारा. १९९४ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला आणि दोनच वर्षांत नेबवर्थच्या मैदानात दोन दिवसांत अडीच लाख लोक त्यांना ऐकायला जमले. मग २८ ऑगस्ट २००९ ला पॅरिसमध्ये स्टेजवर जायच्या आधीच दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. गिटार फुटली. शो रद्द, बँडही संपला.

तेव्हा मी सहा वर्षांची होते, पहिलीत. माझा मावसभाऊ मात्र सांगलीला कॉलेजात होता. सुट्टीला कुरुंदवाडला आला की त्याच्या कॉम्प्युटरवर हीच गाणी सुरू. इंग्रजीतला एक शब्दही कळत नव्हता, तरी चाली मला पाठ झाल्या. ‘यांना एकदा समोर बघायचंय,’ असं दादा म्हणायचा. नंतर त्याने ते म्हणणं सोडून दिलं. बँडच राहिला नव्हता, बघणार कुणाला?

आणि मग २७ ऑगस्ट २०२४ ला बातमी आली की दोघे भाऊ पुन्हा एकत्र येतायत! ४ जुलै २०२५ ला वेल्समधल्या कार्डिफला पहिला शो. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. मोबाइलवर क्लिप यायला लागल्या आणि पाठोपाठ पुण्याहून दादाचा फोन. ‘अगं, झोपलीस काय? बघ की! हातात हात घालून आलेत दोघं!’ छत्तीस वर्षांचा, एका मुलीचा बाप असलेला माणूस लहान पोरासारखा ओरडत होता.

ब्रिटन-आयर्लंड झाल्यावर दौरा परदेशी निघाला. ऑगस्टअखेर टोरंटो, मग अमेरिका, मेक्सिको सिटी. ऑक्टोबरमध्ये दक्षिण कोरिया, टोकियो, त्यानंतर ऑस्ट्रेलिया. शेवट नोव्हेंबरमध्ये दक्षिण अमेरिकेत, ब्राझीलच्या साओ पाउलोला. एकूण ४१ शो. आम्ही ती यादी वरून खाली, खालून वर वाचली. भारत नव्हता.

आपल्याकडे कुणी येतच नाही, असं मात्र नाही. १७ मे २०२५ ला ‘गन्स अँड रोझेस’ हा अमेरिकन बँड मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेला. २०१२ ला ते आले होते तेव्हा त्यांच्यात गिटारिस्ट स्लॅश नव्हता. यावेळी मनोमीलन होऊन तोही सोबत होता. ब्रिटिश ‘कोल्डप्ले’ २०१६ ला मुंबईत येऊन गेला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्याने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन शो केले. स्टेडियमला नाव आपल्या कोल्हापूरच्या माणसाचं, पण कोल्हापूरची आम्ही पोरं बाहेरच!

आमचा प्लॅन पक्का होता. जयसिंगपूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेस, कल्याणला उतरायचं, तिथून लोकलने ठाणे आणि मग नेरूळ. सगळं ठरलं होतं, फक्त तिकीट नव्हतं. ऑनलाइन रांगेत शिरले तर माझ्यापुढे लाखोंचा आकडा. दुपारपर्यंत स्क्रीनकडे बघत बसले. आई म्हणाली, ‘वाडीला दत्ताच्या दर्शनाला एवढी थांबली असतीस तर पावला तरी असता.’ तिकिटांचे दर २,५०० पासून ३५,००० रुपयांपर्यंत होते. स्वस्तातलं मिळालं नाही, महागातलं परवडणारं नव्हतं. शेवटी २६ जानेवारीला त्यांचा अहमदाबादचा शो घरी मोबाइलवर बघितला.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. ‘ओएसिस’च्या ब्रिटनमधल्या शोची साधारण १५० पौंडांची तिकिटं लोक रांगेत असतानाच ३५० पौंडांच्या वर गेली. मागणी वाढली की दर वाढवायची ही पद्धत. एवढा आरडाओरडा झाला की अमेरिकेतल्या शोसाठी ती वापरणार नाही, असं बँडला जाहीर करावं लागलं.

तिकिटाचा विषय निघाला की मला आमच्या गावचा एक माणूस आठवतो. ‘गंधर्व’च्या परीक्षा दिलेल्यांना त्यांचं नाव सांगायला नको. पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर, जन्म १८ ऑगस्ट १८७२, कुरुंदवाड. लहानपणी फटाक्यामुळे त्यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि ते शेजारच्या मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. त्या काळी मोठ्या गवयांचं गाणं असायचं ते राजदरबारात, नाहीतर सरदारांच्या वाड्यात. पलुस्करांनी १८९६ ला मिरज सोडली आणि फिरत फिरत सौराष्ट्रात पोचल्यावर सामान्य लोकांसाठी चक्क तिकीट लावून गाण्याचा जाहीर कार्यक्रम केला. पुढे १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं.

दरबाराचं आमंत्रण नसलेल्या माणसालाही थोडे पैसे देऊन आत बसता यावं, असा त्या तिकिटाचा अर्थ होता. सव्वाशे वर्षांनी त्याच गावातली मी एका तिकिटासाठी अर्धा दिवस रांगेत थांबले आणि बाहेरच राहिले. शो मोठा असतो, खर्च प्रचंड असतो, हे कळतं. पण स्वस्त तिकिटांचा थोडा कोटा विद्यार्थ्यांसाठी ठेवला तर बँड काही कंगाल होणार नाही.

दादाला विचारलं, ‘ओएसिस’ भारतात आला तर जायचं का? तो हसला. म्हणाला, ‘सोळा वर्षं वाट बघितली, अजून थोडी बघू. फक्त तोवर ते दोघं पुन्हा भांडायला नकोत.’

मी त्या दिवसापासून महिन्याला पाचशे रुपये बाजूला टाकते. दादा हजार टाकतो.