डोलणारे डोळे आणि शस्त्रक्रियेच्या तीन रीती

काही मुलांचे डोळे जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच डावी-उजवीकडे सतत हेलकावे खाऊ लागतात. या विकारास जन्मजात नेत्रदोलन म्हणतात. मूळ दोष डोळ्यांच्या स्नायूंत नसून, त्यांना हुकूम देणाऱ्या मेंदूतील यंत्रणेत असतो. कित्येकदा जोडीला दृष्टिपटलाचाही विकार आढळतो.

पाहण्याची दिशा बदलली की हे हेलकावे कमीअधिक होतात. ज्या दिशेस ते सर्वांत मंद असतात, तिला आपण ‘शांत दिशा’ म्हणू. ती उजवीकडे असलेला मुलगा समोरचा फळा वाचताना तोंड डावीकडे वळवतो आणि डोळे उजवीकडे नेतो. ही वाईट खोड नव्हे. स्पष्ट पाहण्याचा त्याने शोधलेला तो उपाय होय.

शांत दिशा समोर आणणे हा शस्त्रक्रियेचा मुख्य हेतू. १९५३ साली त्यासाठी दोन रीती पुढे आल्या. आपल्या उदाहरणातील मुलाचे डोळे उजवीकडे ओढणारे दोन स्नायू, म्हणजे उजव्या डोळ्याचा बाहेरचा व डाव्याचा आतला, सोडवून मागे शिवावेत, ही ऑस्ट्रेलियातील अँडरसन यांची रीत. न्यूयॉर्कच्या केस्टेनबाउम यांनी चारही आडव्या स्नायूंवर काम केले: दोन सैल करावयाचे, दोन आखूड. अमेरिकेतील पार्क्स यांनी १९७३ साली या रीतीस ५, ६, ७ व ८ मिलिमीटर अशी मापे दिली. दर डोळ्यास बेरीज १३ येते.

चार स्नायूंच्या रीतीत डोळे अधिक सरकवता येतात. दोनांच्या रीतीत उरलेले दोन स्नायू पुढे गरज पडल्यास हाताशी राहतात. मात्र लहान मापांनी मान पुरती सरळ होत नाही, आणि फार मोठ्या मापांनी डोळ्यांची त्या बाजूची हालचाल आखडू शकते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी माप वाढवलेल्या अँडरसन रीतीची पाहणी २००६ साली प्रसिद्ध केली. दोनच स्नायूंना हात लावूनही मान बरीचशी सरळ करता येते, असे तीत दिसले.

तिसरी रीत निराळी आहे. स्नायूंचे कंडरे कापून जागच्या जागी पुन्हा शिवावयाचे. स्नायू मागे-पुढे न्यावयाचा नाही. अमेरिकेतील हर्टल, डेलॉसो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दहा प्रौढांवरील तिचे निष्कर्ष मांडले. शांत दिशा आधीच समोर असेल, तेथे ही रीत विचारात घेतात. तिचा लाभ माफक असतो.

मग श्रेष्ठ रीत कोणती? उत्तर मुलागणिक बदलते. काहींची शांत दिशा दर काही मिनिटांनी बाजू पालटते. हे ध्यानात न घेता शस्त्रक्रिया केली, तर मान उलट बाजूस वळू लागते. म्हणून आधी दीर्घकाळ निरीक्षण हवे.

यांतील कोणतीही रीत हेलकावे समूळ थांबवीत नाही. शिक्षकांच्या हाती मात्र एक सोपा उपाय आहे: तोंड डावीकडे वळवणाऱ्या मुलास वर्गाच्या डाव्या बाजूस, पुढच्या बाकावर बसवावे. फळा आपोआप त्याच्या उजवीकडे येतो आणि मान न वळवता त्यास वाचता येते.