अमृतधारेचं रसायन

ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर हे तिन्ही पदार्थ कोरडे आहेत. सारख्या वजनाने बाटलीत घालून बूच लावलं आणि हलवत राहिलं, की थोड्या वेळात त्यांचं पातळ तेल होतं. वरून थेंबभरही पाणी लागत नाही. हीच आपल्या घराघरांतली अमृतधारा.

खरं तर हे नवलच आहे. ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल सुमारे ५० अंश सेल्सिअसला वितळतं, पुदिन्याचं फूल म्हणजे मेन्थॉल ४२ अंशांच्या आसपास आणि कापूर तर १७५ अंशांच्या पुढे. पण स्फटिक टिकतो तो एकाच जातीचे रेणू शिस्तीने रचले गेले म्हणून. इथे थायमॉलमधला हायड्रोजन कापराच्या ऑक्सिजनला धरून ठेवतो, रेणूंची सरमिसळ होते आणि कोणालाच आपली जुनी रचना पुन्हा जुळवता येत नाही. अशा मिश्रणाला युटेक्टिक म्हणतात.

सर्दीत रुमालावर थेंब टाकून हुंगलं की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. ब्रिटनमधल्या रॉन एकल्स यांनी १९८०च्या दशकात हे मोजून पाहिलं. मेन्थॉल हुंगल्यावरही नाकातला हवेचा अडथळा होता तेवढाच राहिला. श्वास मात्र मोकळा वाटू लागला. त्याचं कारण २००२मध्ये उलगडलं. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांनी स्वतंत्रपणे थंडी ओळखणारा ग्राही शोधला. मेन्थॉल नेमका तोच चेतवतं आणि गार हवा आत येतेय असा संदेश मेंदूकडे जातो. स्पर्श आणि तापमान ओळखणाऱ्या ग्राहींवरील कामासाठी या दोघांना २०२१चं नोबेल मिळालं. म्हणजे आराम खरा असतो, पण सूज उतरलेली नसते. सुगंधी तेलांच्या बाबतीत हा फरक मला फार मोलाचा वाटतो. बरं वाटणं आणि बरं होणं एक नव्हे.

‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे म्हणणं तर धोक्याचंच. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना काही मिनिटांत झटके येऊ शकतात. तान्ह्या बाळाच्या नाकाशी मेन्थॉल किंवा कापूर धरल्याने श्वास अडकू शकतो. म्हणून दोन वर्षांखालच्या मुलांना ही तेलं हुंगवू नका, नाका-छातीलाही लावू नका. बाटली मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवा. चुकून पोटात गेलंच, तर उलटी करवू नका; बाटली सोबत घेऊन मुलाला तडक रुग्णालयात न्या.